क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाच्या अवकाश दुर्बिणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री, व्याख्यानं संपल्यावर आणि पत्रांतून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुर्बीण डोंगरावर बसवता येते, मग अवकाशात पाठवायचा एवढा खटाटोप कशासाठी?

क्ष-किरणांसाठी आणि दृश्य प्रकाशासाठी याची कारणं वेगळी आहेत. क्ष-किरणांना पर्यायच नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेत जेवढं द्रव्य आहे ते दहा मीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतकं भरतं. ताऱ्यांकडून आलेले क्ष-किरण या थरात वरच्या वरच शोषले जातात. ही आपल्यासाठी चांगलीच गोष्ट आहे, पण या किरणांत आकाश बघायचं तर हवेच्या बाहेर जावं लागतं.

दृश्य प्रकाश जमिनीपर्यंत पोचतो, पण हेलकावे खात. तारा लुकलुकतो तेव्हा खरं तर मधली हवा हलत असते. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला होते. जमिनीवरून चांगल्या रात्रीही ताऱ्याचा ठिपका साधारण एका विकलेएवढा पसरतो. हबल दुर्बिणीला विकलेच्या विसाव्या भागाइतका तपशील वेगळा काढता येतो. हवेची थरथर आरसा हलवून भरून काढणारी यंत्रणा आता जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींवरही असते, पण तिचा उत्तम परिणाम आकाशाच्या लहानशा तुकड्यावर आणि मुख्यतः अवरक्त प्रकाशात मिळतो. अतिनील प्रकाशाचा बराचसा भाग ओझोन अडवतो, त्यामुळे तोही अवकाशातूनच पाहावा लागतो.

२. ही दुर्बीण ताऱ्यांवर क्ष-किरण सोडते का? दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तसा?

नाही. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की मी हल्ली व्याख्यानाची सुरुवातच त्याने करतो. दवाखान्यात यंत्र किरण सोडतं, ते शरीरातून पलीकडे जातात आणि फिल्मवर हाडांची सावली पडते. दुर्बीण काहीच सोडत नाही. तारा, वायू किंवा कृष्णविवराभोवतीची तबकडी स्वतःच क्ष-किरण देत असते आणि दुर्बीण ते टिपून घेते. म्हणजे इथे रोगीच चमकतो. आकाशात सावली पाहायची संधी क्वचित मिळते, तिचं एक उदाहरण प्रश्न १४ मध्ये आहे.

३. क्ष-किरण आरशातून आरपार जातात ना? मग दुर्बीण बनते कशी?

समोरासमोर पडले तर आरपार जातात किंवा शोषले जातात. पण अगदी तिरके, पृष्ठभागाला जेमतेम एक अंशाच्या आसपास कोन करून आले, तर परावर्तित होतात. घरी एक गोष्ट करून पाहा. गुळगुळीत टेबलाच्या कडेला डोळा टेकवून खिडकीच्या दिशेने बघा. वरून मंद दिसणाऱ्या त्याच टेबलात खिडकी आरशासारखी दिसेल. क्ष-किरणांच्या बाबतीत आत घडणारी क्रिया थोडी वेगळी आहे, पण तिरकेपणाची जादू तीच.

म्हणून क्ष-किरण दुर्बिणीचा आरसा थाळीसारखा नसतो. तो दोन्ही बाजूंनी उघड्या, किंचित निमुळत्या पिंपासारखा असतो आणि किरण त्याच्या आतल्या भिंतीला घासून जातात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हान्स वोल्टर यांनी १९५२ मध्ये दाखवलं की एकामागे एक दोन वक्र पृष्ठभाग ठेवले, पहिला अन्वस्ताचा आणि दुसरा अपास्ताचा, तर स्पष्ट प्रतिमा मिळते. आजही तीच रचना वापरतात. अडचण अशी की असं पिंप समोरून पाहिलं तर बहुतेक जागा रिकामीच असते. त्यामुळे एकात एक पिंपं बसवतात. चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीत जाड काचेच्या, इरिडियमचा मुलामा दिलेल्या अशा चार जोड्या आहेत. एक्सएमएम-न्यूटन या दुसऱ्या क्ष-किरण उपग्रहाच्या तिन्ही दुर्बिणींत प्रत्येकी ५८ पातळ आरसे आहेत. चंद्राने स्पष्टपणा निवडला, एक्सएमएमने जास्त किरण गोळा करणं निवडलं. दोन्ही दुर्बिणी १९९९ मध्येच सोडल्या गेल्या आणि पंचवीसहून अधिक वर्षं एकमेकींना पूरक ठरल्या.

इतक्या तिरक्या किरणांना एकत्र यायला बरंच अंतर लागतं. चंद्राचं नाभीय अंतर १० मीटर आहे. न्यूस्टार ही २०१२ ची दुर्बीण घडी केलेल्या अवस्थेत वर गेली आणि कक्षेत पोचल्यावर तिने १० मीटर लांबीचा सांगाडा उलगडला.

४. हबल, चंद्रा आणि वेब यांतली सगळ्यांत चांगली कोणती?

यांची तुलना होत नाही. हबल (१९९०, २.४ मीटरचा आरसा) मुख्यतः दृश्य आणि अतिनील प्रकाश पाहते, वेब (२०२१, ६.५ मीटर) अवरक्त आणि चंद्रा क्ष-किरण. वेब आल्यामुळे हबल निकामी झाली नाही, कारण वेबला अतिनील दिसत नाही आणि दृश्य प्रकाशातला फक्त तांबडा-नारिंगी भाग दिसतो.

५. क्ष-किरण देणारा तारा म्हणजे नेमका कसा? आपला सूर्य देतो का?

देतो, पण अगदी थोडे. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. एवढ्या उष्णतेतून दृश्य प्रकाश निघतो. वायूतून भरपूर क्ष-किरण निघायला तापमान लाखो अंशांत जावं लागतं. सूर्याभोवतीचं विरळ किरीट मात्र दहा लाख अंशांच्या वर तापलेलं असतं आणि क्ष-किरण तिथून येतात. सूर्याच्या दृश्य प्रकाशाच्या तुलनेत त्यांची ऊर्जा साधारण दहा लाखांत एक भाग.

हा आकडा लक्षात ठेवला की १९६२ मध्ये शास्त्रज्ञांना किती धक्का बसला असेल ते कळतं. बाकीचे तारे सूर्यासारखेच असतील, तर त्या अंतरावरून त्यांचे क्ष-किरण तेव्हाच्या उपकरणांना दिसायलाच नकोत. त्या वर्षी जूनमध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक लहान रॉकेट सोडलं. सूर्यप्रकाशामुळे चंद्रावरून क्ष-किरण येतात का, हे त्यांना बघायचं होतं. रॉकेट हवेच्या बाहेर पाच-सहा मिनिटंच होतं. तेवढ्यात वृश्चिकेच्या दिशेने एक जबरदस्त स्रोत नोंदला गेला. वृश्चिक एक्स-१ असं त्याचं नाव पडलं. दृश्य प्रकाशात तो बाराव्या-तेराव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद), कुणाच्याही नजरेत न भरणारा ठिपका आहे आणि क्ष-किरणांत तो दृश्य प्रकाशाच्या हजार पट ऊर्जा ओततो. हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा आहे आणि शेजारच्या ताऱ्याचा वायू त्याच्यावर कोसळतो आहे. जियाकोनींना २००२ चं नोबेल मिळालं.

आता आपल्याला क्ष-किरण देणाऱ्या ताऱ्यांची बरीच घराणी माहीत आहेत. मोठे, निळे, अतितप्त तारे सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने वारे सोडतात आणि त्या वाऱ्यांतल्या धडकांतून क्ष-किरण निघतात. सूर्यासारखे तारे लहान वयात फार धसमुसळे असतात. २००३ मध्ये चंद्राने मृगातल्या तेजोमेघाकडे जवळजवळ दहा दिवसांचा वेध घेतला. तिथले १,४०० च्या आसपास तरुण तारे तिने टिपले आणि त्यांतल्या सूर्यासारख्या ताऱ्यांवर आजच्या सूर्यापेक्षा कितीतरी मोठे भडके उडताना दिसले. आपल्या ग्रहांच्या बाळपणी सूर्यही असाच वागत असणार.

६. क्ष-किरणांत व्याधाचा फोटो उलटा दिसतो असं ऐकलं. हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या सगळ्या विषयातला हा माझा सर्वांत आवडता फोटो आहे.

व्याध हा रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा, अंतर ८.६ प्रकाशवर्षं. त्याला एक सोबती आहे, श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा. दृश्य प्रकाशात हा सोबती व्याधापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद आहे. व्याधाच्या झगझगाटात तो शोधताना मी कित्येक थंडीच्या रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसलो आहे, आणि ज्या दोन-तीन रात्री तो दिसला त्या मला तारखेनिशी आठवतात. हबलच्या फोटोतही मोठ्या पांढऱ्या गोळ्याच्या खाली डावीकडे एक बारीक टिंब, एवढंच त्याचं रूप.

चंद्राने १९९९ मध्ये तीच जोडी टिपली तर सोबती लखलखीत आणि व्याध मलूल! सोबत्याचा आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढं आणि तापमान सुमारे २५,००० अंश. त्यामुळे तो अगदी कमी ऊर्जेचे क्ष-किरण देतो. व्याधाचा पृष्ठभाग दहा हजार अंशांच्या जवळपास आहे. शिवाय सूर्यासारखा खदखदणारा बाह्य थर त्याला नाही, म्हणून तप्त किरीटही नाही, आणि मोठ्या निळ्या ताऱ्यांसारखा जोरदार वाराही नाही. चंद्राच्या फोटोत व्याधाच्या जागी जो फिका ठिपका आहे तोसुद्धा कदाचित गाळणीतून झिरपलेल्या अतिनील प्रकाशाचा असावा. पुढे हबलनेच सोबत्याचा वर्णपट घेऊन त्याचं वस्तुमान सूर्याच्या ९८ टक्के असल्याचं मोजलं. तापलेला कोण हे क्ष-किरणांनी दाखवलं आणि त्याचं वजन दृश्य प्रकाशाने केलं.

७. कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, मग क्ष-किरण येतात कुठून?

आतून येत नाहीत, उंबरठ्याबाहेरून येतात. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही, गिरक्या घेत तबकडीसारखा पसरतो. तबकडीतले थर एकमेकांवर घासतात आणि वायू तापतो. सूर्याच्या दहा-वीस पट वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती आतली कड कोटी अंशांपर्यंत जाते आणि क्ष-किरण निघतात.

इथे एक अपवाद नेहमी निसटतो. दीर्घिकांच्या केंद्रांतली महाकाय कृष्णविवरं मोठी असूनही त्यांच्या तबकड्या त्यामानाने थंड असतात. त्यांचा मुख्य उजेड अतिनील आणि दृश्य प्रकाशात असतो. त्यांचे बहुतेक क्ष-किरण आतल्या भागातल्या अतितप्त विरळ वायूतून येतात. तबकडीचा अतिनील प्रकाश या वायूतल्या वेगवान इलेक्ट्रॉनांवर आपटून जास्त ऊर्जेचा होतो.

८. क्ष-किरणांनी स्रोत सापडला की काम झालं. दृश्य प्रकाशाची दुर्बीण आणखी कशाला हवी?

कारण क्ष-किरण फक्त सांगतात की इथे काहीतरी पेटलेलं आहे. ते काय आहे, किती जड आहे आणि किती दूर आहे हे बहुतेक वेळा दृश्य प्रकाशातूनच कळतं.

हंस एक्स-१ चं उदाहरण घ्या. १९७० च्या डिसेंबरात उहुरू हा फक्त क्ष-किरणांसाठी बनवलेला पहिला उपग्रह गेला आणि त्याने या स्रोताची चमक सेकंदापेक्षा कमी वेळात बदलताना पाहिली. प्रकाशाला जेवढ्या वेळात वस्तू ओलांडता येत नाही तेवढ्या वेळात ती सगळी एकदम बदलू शकत नाही, म्हणजे स्रोत अगदी लहान असणार. त्यापुढे क्ष-किरण काही सांगेनात. मग त्या जागी एक निळा, नवव्या प्रतीचा तारा आहे हे लक्षात आलं. १९७१ च्या सुमारास लुईस वेबस्टर आणि पॉल मर्डिन यांनी, तसंच स्वतंत्रपणे टॉम बोल्टन यांनी त्या ताऱ्याच्या वर्णरेषा दर ५.६ दिवसांनी मागेपुढे सरकताना पाहिल्या. तारा न दिसणाऱ्या एका जड वस्तूभोवती झुलत होता. त्या झुलण्यावरून वस्तूचं वस्तुमान निघालं आणि ती कृष्णविवर असल्याचा पहिला भक्कम पुरावा हाती आला. २०२१ च्या मोजणीनुसार ती सूर्याच्या २१ पट जड आहे. तो निळा तारा लहान दुर्बिणीतून दिसतो. मी तो दाखवतो तेव्हा लोकांना साधा ठिपका दिसतो, आणि हा कशाभोवती फिरतोय हे सांगितलं की तेच लोक रांगेत पुन्हा येऊन उभे राहतात.

९. दीर्घिकांमध्ये क्ष-किरणांतून असं काय दिसतं जे हबलला दिसत नाही?

हबलच्या फोटोत दीर्घिका म्हणजे मुख्यतः तारे, धूळ आणि चमकणारा वायू. देवयानीसारखी दीर्घिका चंद्राने पाहिली तर ताऱ्यांची ती मऊ साय बरीचशी नाहीशी होते. उरतात ते सुटे ठिपके, म्हणजे न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरं यांच्या जोड्या. सोबत मध्यभागी तप्त वायूची धूसर झाक.

खरी गंमत दीर्घिकांच्या गुच्छांत आहे. दृश्य प्रकाशात गुच्छ म्हणजे शेकडो दीर्घिका आणि मधे अंधार. तो अंधार रिकामा नाही. तिथे कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला आहे. तो इतका विरळ की एका घनमीटरात जेमतेम हजारभर कण, तरी गुच्छ इतका अफाट की या वायूचं एकूण वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट भरतं. गुच्छातलं साधं द्रव्य बहुतेक सगळं याच वायूत आहे आणि ते फक्त क्ष-किरणांतच नीट दिसतं.

२००६ मध्ये ‘बुलेट’ गुच्छाचा निकाल आला. इथे दोन गुच्छ एकमेकांतून आरपार गेले आहेत. चंद्राने दाखवलं की दोघांचा वायू धडकेत अडखळून मागे राहिला. हबल आणि जमिनीवरच्या दुर्बिणींनी मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा किती वाकल्यात ते मोजलं आणि त्यावरून वस्तुमान कुठे आहे ते काढलं. वस्तुमान वायूपाशी नव्हतं. ते दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलं होतं. कृष्णद्रव्याचा, म्हणजे स्वतः न दिसणाऱ्या पण वस्तुमान असलेल्या द्रव्याचा, इतका सरळ पुरावा मला दुसरा माहीत नाही, आणि तो एकट्या दुर्बिणीला कधीच मिळाला नसता.

१०. फोटोतले रंग खरे असतात का?

क्ष-किरणांना आपल्या डोळ्यांसाठी रंगच नाही, त्यामुळे तिथे ‘खरा’ हा शब्द लागू पडत नाही. पण रंग मनाला येतील तसेही भरलेले नसतात. सहसा कमी ऊर्जेला लाल, मधल्या ऊर्जेला हिरवा आणि जास्त ऊर्जेला निळा देतात. इंद्रधनुष्यातला क्रमच न दिसणाऱ्या भागात नेल्यासारखं हे आहे. हबलही काळ्या-पांढऱ्या छटांतच टिपते आणि निरनिराळ्या गाळण्यांमधून घेतलेले फोटो नंतर एकत्र केले जातात. १९९५ च्या गरुड तेजोमेघातल्या खांबांच्या प्रसिद्ध फोटोत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा दिला होता. प्रत्येक फोटोत कुठल्या रंगाला काय अर्थ दिलाय ते शेजारच्या मजकुरात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

११. एक फोटो काढायला किती वेळ लागतो?

काही मिनिटांपासून काही आठवड्यांपर्यंत. हबलचं अतिखोल क्षेत्र (२००३-०४) ११.३ दिवसांच्या प्रकाशनातून तयार झालं आणि त्या चिमुकल्या तुकड्यात सुमारे १०,००० दीर्घिका मोजल्या गेल्या. चंद्राच्या दक्षिण खोल क्षेत्रासाठी, अनेक वर्षांत मिळून, ७० लाख सेकंद म्हणजे जवळजवळ ८१ दिवस खर्च झाले.

क्ष-किरणांत ‘फोटो’ हा शब्दच थोडा फसवा आहे. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एक अगदी लहान माप) असते आणि तो चिपमध्ये एक इलेक्ट्रॉन सुटा करतो. क्ष-किरणाचा फोटॉन हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टांचा असतो आणि तो एकटाच शेकडो इलेक्ट्रॉन सुटे करतो. म्हणून प्रत्येक फोटॉन वेगळा मोजता येतो आणि इलेक्ट्रॉन मोजून त्याची ऊर्जाही कळते. चंद्राची फाइल म्हणजे चित्र नसतंच, ती एक लांबलचक यादी असते. कण कधी आला, कुठे पडला, किती ऊर्जेचा होता, अशी ओळीमागून ओळ.

मी पहिल्यांदा शर्मिष्ठा ए या स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषाची फाइल डीएस९ या मोफत प्रणालीत उघडली तेव्हा पडदा जवळजवळ काळाच होता. अर्धा तास मला वाटत होतं की फाइल अर्धवट उतरली. मग उजळपणाची मोजपट्टी साधीऐवजी लॉग (मंद छटाही उठून दाखवणारी) केली आणि वायूचं अख्खं कडं, त्याच्या गाठी, धागे सगळं एकदम वर आलं. कड्याच्या मध्याजवळ एक टिंब होतं, स्फोटानंतर उरलेला न्यूट्रॉन तारा. चंद्राच्या १९९९ च्या पहिल्याच अधिकृत फोटोने तो दाखवून दिला होता. त्या टिंबावर वर्तुळ काढून आतले कण मोजताना मला जे वाटलं ते कुठल्याही छापील चित्राने कधी वाटलं नव्हतं.

१२. तेजस्वी ताऱ्यांभोवती चार टोकं का दिसतात?

हबलचा दुय्यम आरसा चार पातळ पट्ट्यांवर टांगलेला आहे. त्यांच्या कडांवरून प्रकाश वळतो आणि चार टोकं उमटतात. हबलच्या फोटोत टोकं असलेला ठिपका बहुधा आपल्याच आकाशगंगेतला तारा असतो आणि टोकं नसलेली धूसर वस्तू बहुधा दूरची दीर्घिका. प्रश्न ६ मधल्या व्याधाच्या क्ष-किरण फोटोतही आरे दिसतात, पण ते वर्णपट घेण्यासाठी मधे ठेवलेल्या जाळीच्या आधारामुळे आलेत.

१३. माहिती सामान्य माणसाला मिळते का?

मिळते, फुकट. वेध मागणाऱ्या शास्त्रज्ञाला सहसा एक वर्षापर्यंत राखीव काळ मिळतो. त्यानंतर हबल, चंद्रा, एक्सएमएम यांचे वेध सगळ्यांसाठी खुले होतात. सुरुवात तेजस्वी आणि पसरलेल्या वस्तूपासून करा (प्रश्न ११ मधली शर्मिष्ठा ए उत्तम) आणि मोजपट्टी लॉग ठेवा.

१४. या दुर्बिणी सूर्य किंवा चंद्र पाहू शकतात का?

हबल आणि चंद्रा सूर्याकडे कधीच वळवत नाहीत, उपकरणं जळतील. त्यासाठी वेगळ्या दुर्बिणी आहेत. चंद्रबिंब मात्र दोघींनीही पाहिलं आहे. त्याआधी १९९० मध्ये रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाने चंद्रबिंबाचा क्ष-किरण फोटो काढला. उजेडाची बाजू सूर्याचे क्ष-किरण परत पाठवत होती, आणि अंधारी बाजू मागच्या आकाशाच्या क्ष-किरण झाकेवर काळी सावली टाकत होती. प्रश्न २ मध्ये म्हटलेली सावली ती हीच. त्या अंधाऱ्या बाजूवरही काही तुरळक कण सापडले होते. ते चंद्रावरचे नव्हते, पृथ्वीच्याच आसपास तयार होत होते, हे पुढे चंद्रा दुर्बिणीने दाखवलं. कारण पुढच्याच उत्तरात.

१५. क्ष-किरण म्हणजे लाखो अंश तापमान, मग बर्फाचा धूमकेतू क्ष-किरण कसे देतो?

१९९६ च्या मार्चमध्ये रोसॅटने हयाकुताके धूमकेतूतून क्ष-किरण येताना पाहिले तेव्हा तज्ज्ञही चकित झाले. उत्तर तापमानात नाही. सौरवाऱ्यात ऑक्सिजन, कार्बन यांचे अणू असतात आणि त्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन सूर्याच्या किरीटातच उडून गेलेले असतात. असा भुकेला अणू धूमकेतूच्या थंड वायूला भेटला की त्याचा इलेक्ट्रॉन पळवतो, आणि तो इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर उतरताना क्ष-किरण सुटतो. पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनमध्येही हेच घडतं. म्हणून दूरच्या वायूचा मंद क्ष-किरण मोजताना ही घरातलीच झाक वजा करावी लागते, आणि ती सौरवाऱ्यानुसार बदलत असल्याने काम किचकट होतं.

१६. क्ष-किरण ठिपका आणि दृश्य तारा एकच आहेत, हे कसं ठरवतात?

नुसतं वरवर ठेवून नाही. दुर्बिणीचा नेम विकलेच्या अंशाने चुकू शकतो. म्हणून दोन्ही फोटोंत आधीच ओळखलेले काही स्रोत शोधतात, ते तंतोतंत जुळवून घेतात आणि मगच बाकीचे तपासतात. ४७ टुकाने या दाट तारकागुच्छात चंद्राने सुमारे ३०० क्ष-किरण स्रोत मोजले. तिथे तारे इतके खेटून आहेत की एका वर्तुळात हबलला अनेक तारे दिसतात. मग रंग, चमकेतला बदल आणि अतिनीलमधली तेजस्विता पाहून त्यांतला खरा निवडतात. तरी काही स्रोत बेवारस राहतात, आणि तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवणं मला योग्य वाटतं.

१७. अॅस्ट्रोसॅटचं वेगळेपण काय?

एकाच वेळी बघणं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला हा उपग्रह एकाच वस्तूचे अतिनील आणि क्ष-किरण वेध एकत्र घेतो. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या स्रोतांसाठी हे फार मोलाचं आहे, कारण आज क्ष-किरण आणि पुढच्या महिन्यात अतिनील पाहिलं तर तोवर वस्तूच बदललेली असते. त्याच्या अतिनील दुर्बिणी फक्त ३८ सेंटिमीटरच्या, पण त्यांचं दृश्यक्षेत्र हबलपेक्षा खूपच मोठं आहे. २०२० मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी याच दुर्बिणीने एयूडीएफएस०१ या ९.३ अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून निसटणारा अतिऊर्जावान अतिनील प्रकाश पकडला.

१८. दुर्बीण बिघडली तर दुरुस्त करतात का?

हबल केली. तिचा आरसा कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन सुधारणा बसवल्या, आणि २००९ पर्यंत अशा एकूण पाच फेऱ्या झाल्या. चंद्रा दुर्बीण मात्र चंद्राच्या अंतराच्या सुमारे तृतीयांशापर्यंत दूर जाते, तिथे कुणी पोचू शकत नाही. १९९९ मध्येच पृथ्वीच्या प्रारण पट्ट्यांतले कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून घसरत नाभीत पोचले आणि काही चिपना इजा झाली. तेव्हापासून पट्ट्यांतून जाताना कॅमेरा आडोशाला नेऊन ठेवतात. जपानच्या हितोमी या क्ष-किरण दुर्बिणीचं सगळ्यांत वाईट वाटतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती गेली आणि मार्चअखेरीला गमावली. पण तेवढ्यात तिने ययाती गुच्छातल्या वायूचा अंतर्गत वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर, म्हणजे अपेक्षेपेक्षा शांत, असल्याचं मोजलं. तिची वारस एक्सरिझम २०२३ पासून तेच काम पुढे नेते आहे, मुख्य उपकरणासमोरचं झाकण न उघडूनही.

१९. तेजस्वी वस्तू पाहायला सोपी असणार ना?

क्ष-किरणांत उलटही होतं. कण एकेक करून मोजले जातात (प्रश्न ११), आणि चंद्राचा कॅमेरा सहसा तीन-एक सेकंदांनी एकदा चिप वाचतो. तेवढ्यात एकाच जागी दोन कण पडले तर ते दुप्पट ऊर्जेचा एकच कण म्हणून नोंदले जातात. स्रोत प्रत्यक्षापेक्षा मंद आणि जास्त ऊर्जेचा भासतो. फारच तेजस्वी असेल तर ठिपक्याच्या मधोमध भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून अशा वेळी चिपचा छोटा तुकडाच वापरून तो भरभर वाचतात.

२०. फार दूरच्या दीर्घिकेचा ‘दृश्य’ प्रकाश खरंच दृश्य असतो का?

बहुतेकदा नाही. विश्वाच्या प्रसरणामुळे वाटेत प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाते. हबलला खोल क्षेत्रात दृश्य प्रकाशात दिसणारी दूरची दीर्घिका आपल्याला तिचा मूळ अतिनील प्रकाश दाखवत असते. म्हणजे त्यात तिचे तरुण, निळे तारे उठून दिसतात आणि म्हातारे तारे लपतात. तिचा ओबडधोबड आकार पाहून लगेच ‘ही अजून घडतेय’ म्हणायची घाई करू नये, आधी तिला अवरक्तात बघावं.

क्ष-किरणांत हाच ताण मदतीला येतो. धूळ आणि वायूच्या जाड पडद्याआड लपलेल्या महाकाय कृष्णविवराचे कमी ऊर्जेचे क्ष-किरण पडद्यातच अडतात, जास्त ऊर्जेचे बाहेर पडतात. जवळच्या दीर्घिकेत हे जास्त ऊर्जेचे किरण चंद्राच्या आवाक्याबाहेर राहतात आणि न्यूस्टारसारखी दुर्बीण लागते. दूरच्या दीर्घिकेत तेच किरण प्रवासात ताणले जाऊन कमी ऊर्जेचे होतात आणि नेमके चंद्राच्या पट्ट्यात येऊन पडतात. त्यामुळे काही लपलेली कृष्णविवरं शेजारच्यापेक्षा लांबची आधी ओळखू येतात.